घासलेल्या कडेची काच

"काचेच्या कडेवरून बोट फिरव," काकू म्हणाल्या. "पटकन. हे चहा गाळतायत तोवर."

मी भिंतीपुढे स्टुलावर बसून वहीत 'काच शाबूत' हे दोन शब्द लिहीत होते. काकूंची कॉट त्याच भिंतीकडे तोंड करून होती. चार वर्षांपूर्वी त्यांचे पाय लुळे पडले, तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे ती कॉट, ती भिंत आणि डाव्या हाताची खिडकी. 'पाय गेले, जीभ शाबूत आहे' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे मला वाटलं, चेष्टा चाललीय.

"काकू, बोट कापेल ना माझं."

"तेच म्हणतेय मी. फिरव आणि बघ कापतंय का."

मी फिरवलं. कापलं नाही.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी घाबरले, आणि का घाबरले हे कळायला आधी माझं काम कळायला हवं.

आमचं ऑफिस जुन्या इमारती तपासतं. त्यासाठी आमच्याकडे एकाहून एक यंत्रं आहेत. एक यंत्र भिंतीतून आवाज पाठवून आतली पोकळी शोधतं, एक काँक्रीटच्या पोटातली सळई कुठे आहे ते सांगतं, आणि एक स्प्रिंगची हातोडी आहे, ती भिंतीवर आपटून किती उसळते त्यावरून भिंतीची ताकद काढतात. ही सगळी मंडळी मऊ अस्तराच्या पेट्यांत बसून गाडीने फिरतात. मी बसने फिरते. माझ्या पिशवीत भिंत झुकलीय का ते सांगणारा एक ओळंबा, एक बॅटरी, एक भिंग, भेगेची रुंदी बघायचं रेघारेघांचं पारदर्शक कार्ड, थोडं प्लास्टर आणि काचपट्ट्यांचा डबा. ऑफिसात मला भेगाताई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आता वाढदिवसाच्या केकवरही तेच लिहून येतं. माझा नवरा म्हणतो, कुणाकडे गेलं की बायका पडदे बघतात, भांडी बघतात. आमची ही भिंतीकडे बघते आणि 'हं' म्हणते. त्या 'हं'ला आमचे निम्मे नातेवाईक घाबरून असतात.

तर काचपट्टी. बोटभर लांबीची, अगदी पातळ. भेगेच्या दोन्ही कडांवर प्लास्टरचा एकेक ठिपका ठेवायचा आणि पट्टी आडवी चिकटवायची. तिच्यावर तारीख आणि सही करायची. भिंत जागच्या जागी असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. भिंत जराशी सरकली की काच तुटते. तिला ताणणं जमत नाही, वाकणं जमत नाही, आणि म्हणूनच खोटं बोलणंही जमत नाही. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत मला हीच सगळ्यात भरवशाची वाटते.

या पट्ट्या मी मोठ्या काचेतून हातानेच कापते. त्यांच्या कडा कच्च्या असतात, ब्लेडसारख्या. माझ्या उजव्या हाताच्या एखाद्या बोटाला चिकटपट्टी नाही असा महिना गेलेला मला आठवत नाही. आणि काकूंच्या भिंतीवरच्या पट्टीची कड चष्म्याच्या काचेसारखी गुळगुळीत होती. कुणीतरी ती दगडावर पाणी टाकून प्रेमाने घासली होती.

काका चष्मेवाले. पन्नास वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या, दुकान आता बंद केलं, पण खिडकीशी छोटं टेबल आहे. त्यावर घासायचा दगड, बारीक स्क्रू, चिमटे. शेजारीपाजारी अजून दांड्या घट्ट करायला येतात. त्या माणसाच्या हाताला कच्च्या कडेची काच तशीच सोडणं जमलंच नसतं. भिंतीवर माझी तारीख होती, माझी सही होती. खरं सांगते, ती सही माझ्यापेक्षा त्यांना बरी जमली होती. फक्त कड घासायचं थांबवणं त्यांना जमलं नव्हतं.

"यांना रागावू नकोस," काकू हळूच म्हणाल्या. "मला इथून हलवावं लागेल म्हणून घाबरलेत."

तेवढ्यात काका ट्रे घेऊन आत आले. "तुझ्या कपात साखर कमी घातलीय गं," असं म्हणत म्हणत त्यांनी माझं बोट काचेवर बघितलं. ट्रे खाली ठेवला. कप एकमेकांवर वाजले. मग ते टेबलाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"किती वेळा, काका?"

त्यांनी टेबलावरचा एक स्क्रू चिमट्याने उचलून डबीत टाकला. मग म्हणाले, "चार."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. जवळजवळ तीन महिने मी त्या घरात येत होते, त्यांचा चहा पीत होते, काच शाबूत असं लिहून सही करून ऑफिसात देत होते. आणि इथेच घोडं पेंड खातं. कारण काचेच्या बरोबरीने आणखी एक मोजणी असते. भेगेच्या दोन बाजूंना दोन बारीक स्टीलच्या टिकल्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्यातलं अंतर गेजने मोजायचं असतं. आमचं गेज पहिल्या मोजणीनंतर तपासणीला पाठवलं होतं. दुसऱ्या शाखेतून मागवता आलं असतं. पण मी म्हटलं, काच तर दिसतेय, कशाला यातायात? काकांनी काच बदलली ही त्यांची चूक. मी न मोजता सही केली ही माझी, आणि ती मोठी. त्यांना घासायची सवय होती, मला भरवसा ठेवायची.

आज मात्र गेज पिशवीत होतं, कालच परत आलेलं. मी ते काढलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकच आकडा आला. भेग पावणेदोन मिलिमीटरने रुंदावली होती. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. आमच्या कामात तीन महिन्यांत एवढं म्हणजे फार झालं.

"तुटलेल्या कुठे टाकल्यात, काका?"

"टाकतोय कशाला," ते म्हणाले, जणू मी त्यांचा अपमान केला. त्यांनी ड्रॉवर उघडून चष्म्यांची चार घरं काढली. प्रत्येकात कापसावर दोन तुकडे, आणि झाकणाच्या आत चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, वार, वेळ. गिऱ्हाइकाच्या चष्म्याला नंबर लावावा तसं सगळं नीटनेटकं.

"वेळसुद्धा?"

"वेळ हिने सांगितली. तुटली की हिला ऐकू येते."

"टक् करून आवाज येतो," काकू म्हणाल्या. "दिवसभर मी काय करते? मी तिच्याकडे बघते आणि ती माझ्याकडे."

मी ऑफिसात मॅडमना फोन लावला. मॅडम आमच्या मुख्य इंजिनियर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलणं मोजकं. मी सगळं सांगितलं, माझ्या दोन सह्यांसकट. एक शब्द राखून ठेवला नाही. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "ताई, तिथून हलू नका. खालच्या मजल्यांवर मागच्या खोल्यांत कोण कोण आहे ते बघून ठेवा. मी निघालेय."

पाऊण तासात त्या दोन ऑपरेटर आणि तीन पेट्या घेऊन आल्या. यंत्रं लागली, मागच्या बाजूचा कोपरा ओळंब्याने बघून झाला. पण मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ काढला तो काकूंच्या कॉटवर बसून. चार घरं त्यांनी रजईवर ओळीने मांडली होती.

"पहिली ते दुसरी, चौतीस दिवस," त्या बोटाने दाखवत म्हणाल्या. "दुसरी ते तिसरी, एकोणीस. तिसरी ते चौथी, आठ. काकू, या दिवसांत वेगळं काही घडलं होतं का? काहीही."

"पहिली तुटली त्याच्या आदल्या आठवड्यात मागच्या प्लॉटवर पंप सुरू झाला. खड्डा खणलाय ना, त्यातलं पाणी उपसतात. तो बारीक आवाजाचा होता. मग दुसरी तुटायच्या आधी दुसरा आणला, तो खोकल्यासारखा वाजतो. आणि हा आता तिसरा, मोठा. हा आल्यापासून माझ्या पाण्याच्या भांड्यावरचं झाकण वाजतं."

मॅडम लिहून घेत होत्या. एखाद्या मोठ्या तज्ज्ञाचं लिहून घ्यावं तसं, मान वर न करता. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला, की कोणत्या बाईचा ते मलाच कळेना.

"मागच्या जमिनीतलं पाणी ओढून घेतलंय, त्याने या कोपऱ्याचा पाया बसतोय," मॅडम म्हणाल्या. "आणि वेग वाढतोय. काका, तुम्ही कडा घासल्यात ना, घासलेल्या कडेची काच जरा जास्त सोसते. म्हणजे पहिली सोडून या तारखासुद्धा उशिराच्याच आहेत. मागच्या सगळ्या खोल्या आत्ता रिकाम्या करायच्या. संध्याकाळपर्यंत नाही, आत्ता. पुढचा भाग आणि जिना ठीक आहे."

काका कॉटच्या पायथ्याशी उभे होते. "तिला तीन मजले उतरवायचं?" ते म्हणाले. "चार वर्षं मी तिला खिडकीपर्यंत नेलं नाही. दवाखान्यातून आणली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते माहितीये का तुम्हाला? जपा म्हणाले. मी जपतोय. खाली नेताना काही झालं म्हणजे? मॅडम, टेकू लावा ना खालून. आम्ही दोघं राहतो इथे. आमचं काय, म्हातारे आम्ही."

"आणि खाली?" काकू म्हणाल्या.

"काय खाली?"

"आपल्या खाली ते तान्हं बाळ आहे. माझ्या कॉटच्या बरोबर खाली त्याचा पाळणा आहे. मला त्याचं रडणं ऐकू येतं, त्याच्या आईचं गाणं ऐकू येतं. पहिल्या तीन वेळा मीपण गप्प बसले, मलाही इथेच राहायचं होतं. पण परवा आठ दिवसांत तुटली तेव्हा माझं मन उठलं. मला हलवायला नको म्हणून त्या लेकरावर भिंत पाडू का मी?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कॉटखालून एक कापडी पिशवी ओढून तिच्यात काहीबाही भरायला लागले.

समोरच्या बाजूला रस्त्यापलीकडे बेकरी आहे. तिथला बेकरीवाला हाताला लागलेलं पीठ तसंच ठेवून धावत आला. त्याने दुकानालगतची पिठाच्या पोत्यांची खोली दहा मिनिटांत रिकामी करून घेतली. बाळाची आई बाळाला घेऊन आधीच उतरली. बाळाचा बाबा आणि बेकरीवाला पुढून, आमचे दोन ऑपरेटर मागून, आणि मधे हात असलेल्या खुर्चीत चादरीने बांधलेल्या काकू. मी उशी घेऊन पुढे. काका पिशवी घेऊन मागे. पिशवी ते कुणालाच देईनात. औषधं असतील असं वाटून मीही आग्रह केला नाही.

खोलीच्या दारातून खुर्ची बाहेर पडली आणि काकू म्हणाल्या, "थांबा."

सगळे जागच्या जागी थबकले. काका पुढे धावले. "काय होतंय? दुखतंय?"

"जिन्याला हिरवा रंग कधी दिला?"

"तीन वर्षं झाली," बाळाचा बाबा म्हणाला.

"मला कुणी सांगितलं नाही ते!"

मग प्रत्येक वळणावर खुर्ची थांबली. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी कुंडीत लाल फुलं लावली होती, ती बघून झाली. पहिल्या मजल्यावर एक सायकल होती. ती कुणाची, याची चौकशी झाली. बेकरीवाला घामाने निथळत होता. म्हणाला, "काकू, तुम्ही अजून दोन वळणं थांबलात तर मलाच खुर्चीत बसवावं लागेल." त्या हसल्या. इतक्या हसल्या, की खुर्ची हलायला लागली आणि ऑपरेटर ओरडला. काका पायरी पायरी उतरत होते आणि फक्त तिच्याकडे बघत होते. तिला काहीतरी होईल म्हणून चार वर्षं ज्याची धास्ती घेतली, ते होत होतं, आणि तिच्या तोंडावर रंग चढत होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. काही गोष्टी माणसाला एकट्याने बघू द्याव्यात.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पंप त्याच दुपारी बंद झाला; मॅडम स्वतः त्या खड्ड्याशी जाऊन उभ्या राहिल्या, तो बंद होईपर्यंत हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मागच्या भिंतीचा वरचा तुकडा आतल्या बाजूला पडला. खोलीत कुणी नव्हतं. पाळणाही नव्हता. नंतर पाया भरला, भिंत नव्याने उभी राहिली, माणसं परत आली. मला ऑफिसने कडक पत्र दिलं आणि ते मला मिळायलाच हवं होतं. ते आणायला मी मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी मला दुसरा कागद दाखवला. तो त्यांनी वर पाठवला होता. गेज नसताना पर्यायी सोय न केल्याची चूक त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिली होती. मी म्हटलं, "मॅडम, हे कशाला?" त्या म्हणाल्या, "कारण ते खरं आहे, ताई. बसा, चहा घ्या." तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, की एकट्या काचेवर सही नाही. कुणी विचारलं तर मी सांगते, हा नियम माझ्यामुळे झाला. लाज वाटत नाही आता. उलट बरं वाटतं.

काकू वर परत गेल्या नाहीत. बेकरीवाल्याची ती खोली त्यांनी सोडलीच नाही, आणि तोही सोड म्हणाला नाही. दार रस्त्यावर उघडायचं. काकांनी टेबल तिथेच मांडलं. अकरा महिने त्या दारात बसून काकूंनी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी केली, मग एक दिवस सकाळी गेल्या, शांतपणे. काका मला म्हणाले, "तुझ्यामुळे अकरा महिने मिळाले." मी म्हटलं, "माझ्यामुळे नाही, काका. त्यांनी सांगितलं म्हणून." मी अजून इतक्या घरांत जाते, इतके चहा पिते. कुणीतरी स्वतःच्या नुकसानीची पर्वा न करता आपल्याला खरं सांगावं, हे आयुष्यात किती वेळा घडतं? माझ्या बाबतीत एकदा घडलं. त्या एका वेळेसाठी मी त्या बाईची जन्मभर ऋणी आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

पण माझ्या डोळ्यांपुढे राहिली आहे ती त्या दुपारची तळमजल्यावरची वेळ. खुर्ची उतरली, इमारतीच्या दारात टेकली. समोर रस्ता, त्यावर ऊन, पलीकडे बेकरीचं दार उघडं. बेकरीवाला म्हणाला, "झालं, आता नुसता रस्ता ओलांडायचा." आम्ही सगळे पुन्हा खुर्ची उचलायला वाकलो.

"एक मिनिट," काका म्हणाले.

त्यांनी पिशवीतून एक खोका काढला. त्यात पट्ट्यांच्या सँडल होत्या, गडद तपकिरी. चार वर्षांपूर्वी घेतलेल्या असणार, पाय जायच्या आधी, कारण तळ अगदी कोरे होते.

"अहो, कशाला आता?" काकू म्हणाल्या. "मला कुठे चालायचंय?"

"बाहेर निघालीस ना," काका म्हणाले.

ते पायरीवर गुडघे टेकून बसले. काकूंची पावलं त्यांनी एकेक करून हातात घेतली आणि सँडलमध्ये बसवली. उजवा पट्टा लावला, मग डावा. मग थोडं मागे होऊन दोन्ही पट्टे सारख्याच छिद्रात आहेत ना ते बघितलं. डावा एक घर सैल होता, तो त्यांनी पुन्हा काढून नीट लावला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली आणि कसलाही प्रश्न न विचारता बाजूला झाली. आम्ही वाकलेले तसेच होतो.

काकूंनी कानामागे केस सारले, मांडीवरची चादर सरळ केली आणि समोर बघत म्हणाल्या, "चला."